देशाचा रकाना

फॉर्म मी भरला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचता वाचता तुम्ही दुसऱ्या कुणावर तरी चिडाल. तसं चिडायला मलाही फार आवडलं असतं.

माझा मोठा भाऊ आइस हॉकी खेळतो आणि आम्ही शारजात राहतो. ही दोन वाक्यं एकत्र ऐकली की लोक हसतात, विशेषतः वसईहून आलेले पाहुणे. मग समजावून सांगावं लागतं की दुबईत मॉलच्या आत बर्फाचं रिंक आहे, बाहेर पंचेचाळीस डिग्री असलं तरी आत कानटोपी लागते, आणि तो बर्फ आमचे पप्पा बनवतात. पप्पा त्या इमारतीच्या चिलर प्लांटवर सुपरवायझर आहेत. बर्फाखाली पाइपांचं जाळं असतं, त्यातून न गोठणारं थंड पाणी फिरतं, आणि ते किती थंड ठेवायचं हे पप्पांच्या पॅनेलवर ठरतं. येणारी-जाणारी मंडळी स्केटिंग करतात तेव्हा बर्फ जरा मऊ लागतो. हॉकीला कडक. कडक बर्फावर पक, म्हणजे ती रबरी चकती, सरळ धावते आणि स्केटची पाती रुतत नाहीत. हॉकीच्या दिवशी पप्पा दोन डिग्री खाली उतरवायचे. दादा म्हणायचा, पप्पांचा बर्फ मी डोळे मिटून ओळखीन. पप्पा म्हणायचे, डोळे उघडे ठेव, दात जातील.

शारजा-दुबई रस्ता सकाळी साडेपाचनंतर तुंबतो, म्हणून पप्पा पाचच्या आत गाडी काढायचे. दादा आठ वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर निघायचा. शाळेआधी दीड तास रिंक, मग स्कूल बसऐवजी मेट्रो. भाड्याच्या स्केट्सवर तो शिकला. त्याला शिकवणारे कोच चेक रिपब्लिकचे, साठी उलटलेले, दर तिसऱ्या वाक्याला यल्ला, म्हणजे चला चला, म्हणणारे. त्यांनी त्याला बचावाला लावलं, कारण तो पडायला घाबरत नव्हता. सराव झाला की घामानं भिजलेले पॅड, हातमोजे, हेल्मेट असं सगळं आमच्या बाल्कनीत वाळत पडायचं. अर्ध्या तासात खडखडीत. वास मात्र तिथेच राहायचा. शेजारच्या मल्याळी काकूंनी एकदा वॉचमनला पाठवलं, काय मेलंय बघून या म्हणून. घरी फादर प्रार्थनेला येणार असले की मम्मी ती बॅग बाथरूममध्ये कोंडायची.

पुढे मी पुण्यात होते, कॉलेजला. तिथे मी जे शिकले त्यातलं डिग्रीत फारसं आलं नाही. आमची एक विद्यार्थी संघटना होती आणि मी तिची पत्रकं लिहायचे. मेसचे दर, हॉस्टेलचं पाणी, परीक्षेचे गोंधळ, सगळ्यावर. आम्हाला लिहायला शिकवणारी एक सीनियर होती, ती फार बोलायची नाही. पहिल्या ओळीत कुणी केलं ते लिही, दुसऱ्या ओळीत काय केलं ते, तिसऱ्या ओळीत आपल्याला काय हवं ते. विशेषणं कागद उरला तर. या तीन ओळींवर मी तीन वर्षं काढली आणि दोनदा मेसचे दर कमी करून घेतले.

परत आले तेव्हा कळलं की इथे माझ्या त्या कलेला गिऱ्हाईक नाही. दुबईतल्या देरा भागात एका ट्रेडिंग ऑफिसात मला डॉक्युमेंटेशनचं काम मिळालं. खाडीवरून लाकडी जहाजांतून जो माल जातो त्याचे कागद मी करते. कांदे कुठले, टायर कुठले, माल मूळ कुठल्या देशातला. दिवसभर तेच लिहिते. आजवर एकाही टायरचा देश माझ्या हातून चुकलेला नाही.

आता दादाची अडचण. ती समजली नाही तर पुढचं काही समजणार नाही.

दादा इथे जन्मला. इथेच खेळायला शिकला, इथल्याच लीगमध्ये, इथल्याच संघटनेच्या यादीत त्याचं नाव. पण पासपोर्ट भारताचा, म्हणून इथल्या राष्ट्रीय संघात तो बसत नाही. भारताच्या संघासाठी तिकडच्या क्लबांतून खेळून पुढे यावं लागतं, आणि तो भारतात सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त कधी राहिलेला नाही, तेही मे महिन्यात वसईला. त्याचा इथला व्हिसा पप्पांच्या नावावर. मुलगा अविवाहित असेल तर पंचविशीपर्यंत बापाच्या व्हिसावर राहतो, त्यानंतर स्वतःची नोकरी नाहीतर विमान. दादाला पंचवीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. जगात कुठेही, कुणीही, त्याला खेळण्यासाठी कागदावर नेमलं, तर तो खेळाडू. नाहीतर मॉलमध्ये पहाटे हौस भागवणारा एक भारतीय.

आणि त्याला कुणीतरी नेमलं. कोचच्या ओळखीनं स्लोव्हाकियातल्या एका लहान गावाच्या क्लबनं त्याचे व्हिडिओ पाहिले, मग कॅमेऱ्यावर मुलाखत घेतली, मग तीन पानांचा करार पाठवला. उरलेल्या सीझनपुरता. राहायची खोली, जेवण, आणि वर थोडा पगार. मम्मीनं त्याचे आधी दिरहम केले, मग रुपये केले, आणि म्हणाली, यात त्याचे मोजे येतील. पण म्हणताना तिचे डोळे भरलेले होते, आणि पुढच्या रविवारी दुबईत ऊद मेथाला मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एकही माणूस असा उरला नाही ज्याला तिनं सांगितलं नव्हतं. घरात तिचा नवा टोमणा सुरू झाला. एक खेळाडू आणि एक पुढारी, जेवायला मात्र दोघं माझ्याकडे.

एकच कागद बाकी होता. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला गेला की आधीच्या संघटनेनं त्याला सोडल्याची सही लागते. याला सगळे रिलीज म्हणतात. नवा क्लब एक फॉर्म पाठवतो, तो खेळाडूनं भरायचा, त्यात आपण कुठल्या देशाच्या संघटनेत आहोत ते लिहायचं, क्लब त्या देशाला लिहितो, तिकडून सही येते, झालं. त्या लीगमध्ये परदेशी खेळाडू घ्यायची मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. आमच्या हातात दोन आठवड्यांहून जास्त वेळ होता. भरपूर.

फॉर्म मी मागून घेतला. कागदांची मला सवय, त्यात पुढारी.

इथे मला आमच्या घरातली एक शिकवण सांगायला हवी. पहिलीत असताना माझ्या व्हिसाच्या कुठल्याशा अर्जात देशाच्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं यूएई लिहिलं होतं. नुकतंच लिहायला आलं होतं, म्हणून मम्मीनं हौसेनं मला लिहू दिलं. टायपिंग सेंटरच्या माणसानं तो कागद पप्पांच्या तोंडावर परत केला. सगळा अर्ज पुन्हा टाइप, पुन्हा रांग. गाडीत पप्पांनी मला समजावलं होतं, चिडून नाही, अगदी हळू. कुठलाही फॉर्म असो, देश विचारला की इंडिया. आपण इथे आहोत, इथले नाही. विसरलीस तर कागद परत येतो. तेव्हापासून मी विसरले नाही. शाळा, लायब्ररी, रक्तदान, फोनचं सिम, आमच्या घरात देश विचारला की चौघांचाही हात एकच शब्द लिहितो, आणि त्या वेळी डोकं दुसरीकडे असतं.

मी इंडिया लिहिलं.

ठळक, सुंदर अक्षरात. दादानं खाली सही केली. पप्पांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं आणि जन्मतारखेत एक आकडा पुसट आलाय म्हणून मला तो पुन्हा काढायला लावला. मम्मीनं कागदावर क्रूस काढला. चौघांनी पाहिला तो फॉर्म. कोचला दाखवायचं राहिलं, कारण मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, त्यांना कशाला त्रास. स्कॅन केला, पाठवला.

नंतरचे दहा दिवस आमच्या घरात लग्नघरासारखी गडबड होती. मम्मीनं थर्मल शोधले. पप्पांनी स्लोव्हाकियाचं हवामान फोनवर लावून ठेवलं आणि रोज सकाळी उणे चार, उणे सात असं मोठ्यानं वाचायचे, जणू कुणी त्यांचंच पॅनेल तिकडे चालवतंय. म्हणाले, तिथे बर्फ फुकट पडतो, माझी नोकरी तिथे चालायची नाही.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता क्लबच्या सेक्रेटरीबाईंची मेल आली. फार सभ्य मेल होती. भारताच्या संघटनेला आम्ही लिहिलं, त्यांनी त्यांच्या सगळ्या याद्या तपासल्या, दोनदा तपासल्या, या नावाचा खेळाडू त्यांच्याकडे नोंदलेला नाही. तुम्ही नक्की कुठे खेळत होता?

मी ती ओळ वाचली आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. काय झालंय हे मला लगेच कळलं होतं.

शुक्रवारी इथली सरकारी ऑफिसं बाराला बंद होतात, इथल्या हॉकी संघटनेचंही. त्यापुढे शनिवार, रविवार. आणि त्या वर्षी सोमवार-मंगळवार नॅशनल डेची सुट्टी. मुदत मंगळवारी मध्यरात्री संपत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे लागले होते, गाड्यांच्या बॉनेटवर झेंडे, आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येसुद्धा. ज्या देशाचं नाव मी लिहायला हवं होतं, त्याचे झेंडे बघत मी टॅक्सीतून घरी आले.

दादाला सांगितलं. तो बाल्कनीत स्टिकला टेप गुंडाळत होता. त्यानं ऐकून घेतलं, टेपचं टोक दातानं तोडलं आणि म्हणाला, "ओके. मग आता कुणाला फोन करायचा?" एवढंच. मला वाटत होतं त्यानं ओरडावं. ओरडला असता तर मला उलट भांडता आलं असतं, त्यात मी बरी आहे.

त्या चार दिवसांत आम्ही जे केलं ते सांगायलाही लाज वाटते, इतकं ते निरुपयोगी होतं. संघटनेच्या बंद ऑफिसचा फोन वाजवत राहिलो. शनिवारी दोघं तिथे गेलो, काचेचं दार, आत अंधार, बाहेर खुर्चीवर सिक्युरिटीवाला, पेशावरचा. मी त्याला हिंदीत सगळी कथा सांगितली, फॉर्म, रिलीज, मुदत. त्यानं शांतपणे ऐकलं आणि आत जाऊन दोघांना पाणी आणून दिलं. म्हणाला, "बहन, मेरे पास सिर्फ़ बत्ती की चाबी है." मी त्याच्यावरही चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

क्लबला मी लांबलचक मेल लिहिली. चूक माझी, खेळाडूची नाही, दोन दिवस द्या. सेक्रेटरीबाईंनी अर्ध्या तासात उत्तर दिलं, सुट्टीच्या दिवशी. मुदत त्यांच्या हातात नाही, नोंदणी आपोआप बंद होते. तुम्ही प्रयत्न करा, आम्ही मंगळवारी रात्री बारापर्यंत कॉम्प्युटरसमोर बसून राहू.

रविवारी चर्चला जावंच लागलं. मम्मी म्हणाली, आज नाही गेलो तर मग कधी जायचं. आवारात वसईच्या दोन बायकांनी दादाला घेरलं. कधी निघतोस, तिकडे खाणार काय, बायको आणू नको हां गोरी. मम्मी बाजूला उभी राहून पर्समधलं काहीतरी शोधत होती. दादानं हसत उत्तर दिलं, "आंटी, बुधवारी कळेल." मुदत मंगळवारची होती. संधी गेली हे त्यानं तेव्हाच मान्य केलं होतं की काय, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

सोमवारी कोचना संघटनेत रिलीजवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा खासगी नंबर मिळाला. ते कुटुंबाला घेऊन वाळवंटात कॅम्पिंगला गेले होते. फोन लागला तेव्हा मागे मुलांचा गलका आणि वाऱ्याचा आवाज. त्यांनी कोचचं म्हणणं पूर्ण ऐकलं, दादाला फोनवर घेतलं, त्याला ओळखलं, मागच्या सीझनमधला त्याचा एक अडवलेला शॉटसुद्धा त्यांना आठवत होता. पण सहीचं सगळं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, आणि ऑफिसची चावी दुसऱ्या माणसाकडे, आणि तो देशाबाहेर. म्हणाले, हबीबी, इन्शाल्ला बुधवारी सकाळी पहिलं काम तुझं.

मंगळवारी संध्याकाळी मी टेबलावर कागद घेऊन बसले. काहीतरी लिहायचंच होतं. पहिली ओळ, कुणी केलं. सिक्युरिटीवाल्यानं? सुट्टीवर गेलेल्या माणसानं? याद्या दोनदा तपासणाऱ्या ऑफिसनं? क्लबनं, जो रात्री बारापर्यंत बसणार होता? मग मी व्हिसाच्या नियमांवर गेले, पासपोर्टवर गेले, ज्या जगात चोवीस वर्षं एका गावात राहून ते तुमचं होत नाही त्या जगावर गेले. लिहिता लिहिता मला बरं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात मी थांबले. कारण ते सगळं खरं होतं, आणि तरीही त्या रकान्यात तीन अक्षरं वेगळी पडली असती तर दादा आत्ता बॅग भरत असता. आणि हे पत्रक मी वाटणार कुणाला? इथे पत्रकं वाटत नाहीत. पप्पांनी पाठीमागून येऊन कागद वाचला. मराठी ते सावकाश वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले, "माझं नाव घाल. शिकवलं मी."

मी कागद फाडला. पप्पा तुकडे गोळा करत बसले.

बुधवारी सकाळी सव्वाआठ वाजता रिलीज आली. त्या माणसानं शब्द पाळला, खरोखर पहिलं काम आमचंच केलं. सही, शिक्का, सगळं चोख. त्यावर दादाचं नाव आणि देशाच्या जागी बरोबर देश. दुपारी क्लबनं कळवलं की मुदतीआधी शेवटच्या तासात त्यांना ती जागा लाटवियाच्या एका खेळाडूनं भरावी लागली. बाईंनी लिहिलं होतं, पुढच्या सीझनला जरूर अर्ज करा.

पुढच्या सीझनपर्यंत दादा पंचवीस पूर्ण करणार होता, आणि त्याआधी नोकरी लागायला हवी होती. कोचनी दोन क्लबांना लिहिलं, एकाचं उत्तर नाही, दुसऱ्याला गोली, म्हणजे गोलकीपर, हवा होता. दिवस जात होते. मम्मीनं थर्मल परत बॅगेत घातले आणि बॅग कपाटावर ठेवली. शेवटी पप्पांनी आपल्या मॅनेजरशी बोलून घेतलं. रिंकवर माणूस हवा होता. भाड्याचे स्केट्स द्यायचे, पडलेल्यांना उठवायचं, दर दोन तासांनी ती मोठी गाडी चालवून बर्फ सपाट करायचा. व्हिसा कंपनीचा.

व्हिसाचा फॉर्म पुन्हा माझ्यासमोर आला. मी दादाला म्हटलं, हा तू भर. तो म्हणाला, "भर ग, तुझं अक्षर चांगलं आहे." देशाच्या रकान्याशी मी बराच वेळ थांबले. मग इंडिया लिहिलं. या वेळी ते बरोबर होतं. कागद परत आला नाही.

त्याच्या कामाचा पहिला दिवस. मी त्यांच्याबरोबरच निघाले, म्हटलं रिंकवर थोडं बसून मग मेट्रोनं देराला जाईन. पप्पा खाली प्लांटमध्ये गेले. दादाच्या अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट, वर जॅकेट, पायात बूट. स्केट्स नव्हते. त्यानं दार उघडलं, बर्फावर दोन पावलं टाकली आणि थांबला. खाली वाकून तळहात टेकवला. मग टाचेनं एकदा ठोकून पाहिलं. आवाज कोरडा आला, मलाही बाकावर ऐकू आला.

त्या दिवशी हॉकी नव्हती. आठ वाजता शाळेची लहान मुलं येणार होती, पहिल्यांदा बर्फावर उभी राहणारी.

दादानं कमरेचा वॉकी-टॉकी काढला. "पप्पा, दोन डिग्री वाढवा. आज शाळेची पोरं आहेत, लागेल त्यांना."

पलीकडून खरखर आली. मग पप्पा म्हणाले, "सवयीनं झालं रे. वाढवतो."

बर्फ मऊ व्हायला तास-दीड तास जातो. तोवर करण्यासारखं काही नसतं. दादा कठड्याला टेकून उभा राहिला, मी बाकावर. साडेसातला मी निघाले, ऑफिसात टायरचे कागद पडले होते.